तांडेलाचा वाटा आणि शेवग्याचा पाला

मासळीचा काटा सोडून घरात काही टाकायचं नाही, हा माझ्या सासूचा कायदा. नबाबाचं राज्य गेलं त्या वर्षी मी लग्न होऊन आगरदांड्याच्या कोळीवाड्यात आले. पहिल्याच जेवणात मी माशाच्या डोक्याचा उरलेला भाग ताटाच्या कडेला सारला, तर सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "केसर, दर्यानं दिलेलं ताटात ठेवून उठलीस, तर उद्या तोबी हात आखडता घेईल. खा!" नवी नवरी मी. खाल्लं. पण मनात म्हटलं, एका घरात दोन मिरच्या, आता निभायचं कसं! निभलं. रोज भांडून निभलं.

नीराबाई तिचं नाव. मी तिला अगं-तुगं करते, त्याचं वाईट मानू नका. ज्याच्याशी रोज भांडायचं त्याला अहो-जाहो परवडत नाही. अंगानं अशी वाळकी की तिच्या पाटीतले सुके बोंबील तिच्यापेक्षा गुबगुबीत वाटायचे. आवाज मात्र देवानं दोन माणसांचा दिलेला. आमच्या धक्क्यावरून हाक मारली तर खाडीपलीकडं दिघीला उभा असलेला माणूस वळून बघायचा, असं लोक म्हणायचे. आता खाडी केवढी रुंद, पण तिच्या बाबतीत माझा यावर विश्वास आहे.

होडीनं दिघीला उतरायचं आणि तिथून पार श्रीवर्धनपर्यंत सुकी मासळी विकत जायचं, हा तिचा धंदा. श्रीवर्धनात एका वैद्यबुवांची पोफळीची वाडी होती. बुवांच्या घरात कांदासुद्धा चोरून शिजायचा, पण त्यांच्या पोफळींना मासळीचं खत लागायचं आणि ते खत आमची सासू पुरवायची. "घर शाकाहारी, वाडी मांसाहारी," असं ती म्हणायची, तेही बुवांच्या तोंडावर. बुवा हसायचे आणि तिला पानसुपारी द्यायचे. ती ओळख पुढं कामाला आली.

सासरे अंबाजी तांडेल. तांडेल म्हणजे होडीचं सुकाणू धरणारा. तो म्हणेल तिथं जाळं पडायचं आणि तो म्हणेल तेव्हा होडी परतायची. दारातून आत येताना आधी त्यांचं पोट यायचं, मग मागून ते. खाणं असं की वाढणाऱ्याचा हात दुखावा. पण मन मोकळं, हसणं गडगडाटी, आणि दर्यावर नजर अशी की पाण्याचा रंग बघून सांगायचे, इथं पापलेट हाय, इथं नुसता कचरा.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते, ती नीट ऐका. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ताटं वाढली की सगळ्यात चांगला तुकडा, मग ती गाबोळी म्हणजे माशाची अंडी असोत की चिंबोरी म्हणजे भरलेला खेकडा, तांडेलाच्या ताटात. तो तांडेलाचा वाटा. त्याला भूक नसली तरी तो दुसऱ्या कुणा पुरुषाला द्यायचा नाही. वाटा ज्याच्या ताटात गेला, सुकाणू त्याच्या हातात गेलं, असा त्याचा अर्थ. सासऱ्यांच्या बापानं म्हातारपणी एक दिवस आपला वाटा उचलून अंबाजीच्या ताटात ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्यावर बसून जाळी विणायला लागला. मात्र तांडेलानं ताटात सोडलेलं खायचा हक्क एका माणसाला होता, त्याच्या बायकोला. तिनं त्याच ताटावर बसून ते संपवायचं.

तर महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढल्या वैशाखातली गोष्ट. पावसाळ्याआधी होड्या वर ओढायचं काम चाललं होतं. दोराला सगळा कोळीवाडा लागलेला, सगळ्यांच्या पुढं तांडेल, आणि "होऽ हैय्या"चा गजर. एकदम गजर अर्ध्यावर तुटला. बघते तर तांडेल वाळूत बसलेले, हात छातीवर, अंगाला घामाच्या धारा. हळू आवाजात म्हणाले, "नीरे, पाणी." हळू बोलणं हे त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं, म्हणून त्या हळू बोलण्यानंच आमचं काळीज हललं. सासूनं अर्धी घागर त्यांच्या डोक्यावर ओतली आणि मग तोंडाला लावली.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत त्यांना मुंबईला नेलं. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त काढलं, तपासलं आणि सांगितलं, "तांडेल, तुमच्या रक्तात चरबी फार झालीय. याला कोलेस्टेरॉल म्हणतात. नळीत गाळ बसावा तशी ती नसांत बसते. तेलकट, चरबीचं खाणं बंद. ओढाताणीचं काम बंद. नारळीपुनवेच्या आधी परत या, रक्त बघू. उतरलेलं असेल तर होडीवर जा. नसेल तर होडी विसरा."

परत आल्यावर तांडेलांनी आधी काय केलं? फुशारकी! "कोळीवाड्यात कुणाला न्हाय असा रोग मला हाय," धक्क्यावर बसून सांगत होते. कुणी विचारलं, म्हणजे काय हो? "म्हंजे आजवर खाल्लं ते मी वाया घालवलेलं न्हाय. समदं रक्तात जपून ठेवलंय." लोक हसले, तेही हसले. पण घरी आल्यावर ओट्यावर बसले ते दर्याकडं पाठ करून.

कारण त्यांना ठाऊक होतं. नारळीपुनवेला जो सुकाणू धरतो तो वर्षभराचा तांडेल. आणि आमच्याच चुलीवर जेवणारा त्यांचा धाकटा भाऊ सदा, आमचे सदाकाका, तयारच होते. माझा नवरा होडीवर खलाशी होता, पण मान वयानं काकांचा. माणूस वाईट नव्हते हो, घाईचे होते. पावसाळ्यासाठी माडाच्या झापांनी शाकारलेल्या होडीत वाकून सुकाणूला तेल चोळताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं. मी विचारलं, "काय काका, सुकाणूला सर्दी झालीय?" तर म्हणाले, "लाकूड सुकतं गो, पावसाळ्यात." पावसाळ्यात लाकूड सुकतं म्हणे! घ्या.

त्या दिवशी चुलीपाशी सासू मला म्हणाली, "तांडेलाला दर्याकडं पाठ केलेला मी कवा बघितला न्हाय, केसर. ह्या माणसाला होडीवर धाडला तर मरंल, आन् होडीबिगर ठेवला तरीबी मरंल. मग रक्तच बदलाय पायजे." जणू काय रक्त म्हणजे जुनं जाळं, बदललं की झालं! पण पदर खोचून बाई निघाली ती थेट श्रीवर्धनला.

वैद्यबुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि औषध सांगितलं. शेवग्याचा कोवळा पाला, त्यात कढीलिंब आणि थोडा कडुनिंब, पाट्यावर वाटायचा, फडक्यातून पिळायचा आणि तो रस सकाळी उपाशीपोटी घ्यायचा. "पण नीराबाई," बुवा म्हणाले, "पथ्य पाळलं नाही तर हे नुसतं हिरवं पाणी. मुंबईच्या डॉक्टरांना परत दाखवायचंच. आणि तूप, लोणी, साय, बासुंदी, श्रीखंड, पेढे, खव्याचं काही, पूर्ण वर्ज्य!" सासू लिहिणारी नव्हती. होडीतून येताना सगळी वाट जपमाळ ओढल्यासारखी "तूप, लोणी, साय, बासुंदी" म्हणत आली. होडीतल्या लोकांना वाटलं, बाईला डोहाळे लागले या वयात.

घरी येऊन तिनं तांडेलांना पथ्य सुनावलं. तांडेलांचा चेहरा असा काही खुलला म्हणता! उजवा हात वर करून म्हणाले, "कबूल! आजपासून बासुंदी बंद! श्रीखंडाचं नाव काढायचं न्हाय या घरात!" जन्मात एकदा बासुंदी खाल्ली होती माणसानं, मुरूडला कुणाच्या लग्नात, तीही शेवटच्या पंगतीला. तूप आमच्याकडं यायचं ते देवाच्या निरांजनापुरतं. एवढा कडक संयम दाखवून झाल्यावर म्हणाले, "केसर, आज चिंबोऱ्या आल्यात न्हवं खाडीच्या? भरलेल्या बघून मला दोन वाढ."

"मामा, पथ्य हाय ना?" मी म्हटलं.

"बुवानं चिंबोरीचं नाव घेतलं? इचार तुझ्या सासूला."

बुवांनी नाव घेतलं नव्हतं, हे खरंच होतं. चार दिवस तांडेल असं पथ्य पाळत राहिले की विचारू नका. तळलेली कोळंबी खाताना म्हणायचे, "लोणी न्हाय ना घातलंस यात? बघ हां, मला चालत न्हाय." मला तर वाटायचं पाटाच उचलून डोक्यात घालावा. शेवटी एके सकाळी सासूनं कपाळावर हात मारून घेतला. "मी खुळी गो! बुवानं त्येच्या ताटातलं सांगितलं. आपल्या ताटात काय असतं ते त्येला कसं ठाव असणार? ते मीच सांगाय पायजे." आणि मग तिनं कोळ्याचं पथ्य काढलं. तळलेलं बंद. नारळाचं वाटण बंद. गाबोळी, चिंबोरी, कोळंबी, मटण, सगळं बंद. खाडीची बोय मासळी, बिननारळाच्या पातळ कालवणात, आणि भाकरी. तांडेल ओरडले, "म्हंजे मी ब्राह्मन होऊ, का सुकटीसारखा वाळून मरू?" सासू म्हणाली, "आधी जगा. मग काय व्हायचं ते व्हा."

आता रस. पहिल्या दिवशी मी पाला वाटला, सासूनं पिळला, पेला भरून तांडेलांपुढं धरला. त्यांनी वास घेतला आणि पेला खाली ठेवला. म्हणाले, "गुरांचं काम हाय हे."

"प्या."

"तू पी आधी. तू पेलीस तर मी पितो. तांडेल सांगतो ते खलाशांनी ऐकायचं, पण घरात तांडेल तू. मग उतर पुढं!"

त्यांना वाटलं, सुटलो. सासूनं दुसरा पेला भरला, नाक न धरता गटागट प्याली आणि रिकामा पेला त्यांच्यापुढं आपटला. काय करतात? प्याले. मग जे तोंड केलं ते बघायला दुसऱ्या दिवसापासून शेजारणी दाराशी जमायला लागल्या. कडुनिंबाचा घोट घशाखाली गेला की डोळे मिटून, मान हलवून, सगळ्या देवांची नावं घ्यायचे, आणि त्यात एखादी शिवी मिसळायची. सासू मात्र शांतपणे पदरानं ओठ पुसायची. रोज सकाळी दोन पेले, आधी तिचा, मग त्यांचा. असा नेम पडला.

इथवर ठीक. पण खरी पंचाईत ताटाची झाली. तांडेलांना चांगला तुकडा खायचा नाही, हे ठरलं. तरी सासू रोज तांडेलाचा वाटा त्यांच्या ताटात वाढायचीच. बिननारळाच्या कालवणाशेजारी चिंबोरीचा लालभडक नांगा! मी भडकले. "आये, जे खायचं न्हाय ते डोळ्यांपुढं वाढतेस कशाला? हा काय छळ?"

ती हळूच म्हणाली, "सदा बघतो, केसर. वाटा वाढला न्हाय तर घरात तांडेल न्हाय असा अर्थ व्हतो. आन् तांडेलाला बी तसंच वाटंल."

तेव्हा तांडेल वाट्याकडं बघायचे, वास घ्यायचे, सुस्कारा टाकायचे आणि हात धुवून उठायचे. आणि सासू त्या ताटावर बसायची. वाटा दुसऱ्याला द्यायचा नाही. टाकायचा तर मुळीच नाही. राहिलं कोण? ती. आषाढात खाडीच्या चिंबोऱ्या कशा भरलेल्या असतात ते तुम्हाला ठाऊक असेल. बाई रोज ते संपवायची. जन्मभर शेपटी आणि रस्सा यांवर वाढलेली ती. तिला हे जड जात होतं. तांडेल रसाला तोंड वाकडं करायचे, त्याहून वाकडं तोंड ही गाबोळीला करायची. मी म्हटलं, "आये, मांजराला घाल." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पोर विहिरीत टाकायला सांगितलं. "वाटा मांजराला? मग सुकाणूबी मांजरच धरंल." सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

आषाढात वाऱ्यानं अंगणातला शेवगा मोडला. शेवग्याचं लाकूड ते, फुंकर मारली तरी मोडायचं. दर्याकाठची बाकीची झाडं खाऱ्या वाऱ्यानं करपलेली. पाल्याचा दुष्काळ पडला. सासू डोंगराकडच्या शेतकऱ्यांच्या वाड्यांवर जायची. कुणाला वाटीभर सुकट देऊन मूठभर पाला आणायची. येताना चढणीला दोन-दोनदा बसायची. आम्ही म्हणायचो, चिखलात चालून दमली. तिचा पेला फिकट दिसायला लागला होता. मी विचारलंही, तर म्हणाली, "वरचा दाट रस तांडेलाला, तळाचा मला. हिरवं ते हिरवंच." बरं म्हटलं.

तांडेल मात्र उतरत चालले. पोट आत गेलं. धोतराची गाठ दोनदा सरकली. श्रावणात तर रोज किनाऱ्यावर होडीपर्यंत फेऱ्या मारायला लागले. सदाकाका तेल चोळायला गेले की हे तिथं हजर, "दे इकडं, मी चोळतो." एकाच सुकाणूला दोघे तेल लावायचे, असं गुळगुळीत झालं होतं की हात ठरेना.

नारळीपुनव आठवड्यावर आली तेव्हा आम्ही मुंबईला निघालो, तांडेल, सासू आणि मी. बोटी बंद, म्हणून एसटी, होडी, परत एसटी असं करत पोहोचलो. दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर जायचं होतं. तांडेल पोरासारखे जिने चढून गेले आणि वरून ओरडले, "काय गो नीरे, मागं राहिलीस? रस पेलीस ना?" बघते तर सासू जिन्यात अर्ध्यावर बसलेली. पदरानं मान पुसत होती. तोंड पांढरं पडलेलं. "काय न्हाय," म्हणाली, "पायऱ्या मुंबईच्या, उंच हायत."

डॉक्टर तेवढ्यात वरून उतरत होते. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, नाडी धरली आणि म्हणाले, "यांचंही रक्त घ्या." सासू म्हणाली, "मला काय झालंय? रोग तांडेलाला हाय." पण घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. "तांडेल, शाबास. तुमचं रक्त चांगलं उतरलंय. पाल्यानं म्हणा, पथ्यानं म्हणा, फिरण्यानं म्हणा, मी काही पैज लावणार नाही. दोर ओढायचा नाही, पण सुकाणू धरायला हरकत नाही." तांडेलांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मला ठसका लागला. सासूनं डोळे मिटून हात जोडले. घोडं गंगेत न्हालं, असं मला वाटलं.

"पण बाईंचं रक्त," डॉक्टर म्हणाले, "तुमचं वैशाखात होतं त्याच्याही वर आहे."

तांडेल मोठ्यानं हसले. "डाक्टर, कागद बदलले तुमचे! ही बघा, हिच्यात चरबी ठेवायला जागा कुठं हाय?"

"वाळक्या माणसालाही होतं, तांडेल. अंगावर दिसत नाही एवढंच. बाई, पावसाळ्यात काय खात होता?"

सासू जमिनीकडं बघायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तांडेलांचं हसणं थांबलेलं दिसलं. ते तिच्याकडं बघत होते. पावसाळाभरची ताटं एकेक करून त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असणार.

"माझं खाल्लं तिनं," ते म्हणाले. "डाक्टर, माझा वाटा खाल्ला तिनं. समदा." मग तिच्याकडं वळले. "पण तू रसबी पीत व्हतीस ना? माझ्या आधी?"

"पीत व्हते की," सासू पुटपुटली. "शेवगा हुता तवर रस. मग पाला पुरंना. मग पाट्याचं धुवण."

डॉक्टरांना काही कळलं नसावं. मला सगळं कळलं आणि मी तिथंच रडायला लागले, रागानं. इतकी शहाणी बाई आणि असा वेडेपणा! औषध नवऱ्याच्या पोटात आणि रोग आपल्या पोटात! परतताना होडीत तांडेल तिच्या शेजारी बसले आणि तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. त्या काळी आमच्यात नवरा बायकोची पिशवी उचलत नसे. होडीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

नारळीपुनव उजाडली. किनाऱ्यावर सगळा कोळीवाडा. तांडेलांनी नवी टोपी घातली, दर्याला नारळ वाहिला आणि सुकाणू धरलं. सदाकाका दोराशी उभे राहिले, तोंड एवढंसं करून. होडी पाण्यात गेली तेव्हा सासू अशी ओरडली की दिघीपर्यंत नक्की ऐकू गेलं असेल. तेवढा वेळ तिच्या तोंडावर जे सुख होतं ते मी विसरणार नाही.

पुढं दोन-तीन दिवसांनी पहिली ताजी मासळी घरात आली. गाबोळीचा मोठा थोरला तुकडा निघाला. ताटं मांडली. मी वाढत होते. वाटा तांडेलांच्या ताटात ठेवला. त्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग तो दोन्ही हातांनी उचलला आणि सदाकाकांच्या ताटात ठेवला.

सदाकाकांचा घास हातातच राहिला. "दादा, आरं, डाक्टर तर हो म्हनला..."

"खा," तांडेल म्हणाले. "सुकाणूला तेल भरपूर लावलंयस. आता धर."

आणि मग सासू फुटली! "अवं, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? मी पावसाळाभर चिंबोऱ्या खाऊन मेले ती कशासाठी? गावोगाव पाल्यासाठी भीक मागितली ती कशासाठी? तांडेलपण राहावं म्हणून ना? आन् तुमी ते भाजीसारखं उचलून दिलंत? माझा पावसाळा मला परत द्या आधी!" पळी आपटली, तांब्या आपटला. बोलता बोलता रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

तांडेलांनी तिला पुरतं ओरडू दिलं. मग म्हणाले, "नीरे, वाटा माझ्या ताटात राहिला तर मी न्हाय खाणार, आन् तू टाकणार न्हाईस. तू तुझा कायदा सोडशील का, सांग?"

तिनं मान हलवली. नाही.

"मला ठाव हाय. म्हनून मी माझा सोडला. दर्या काय, रोज दिसतो. ओट्यावरनंबी दिसतो."

सदाकाकांनी तो तुकडा खाल्ला नाही. त्यांनी तो मोडून घरातल्या सगळ्या ताटांत चिमूट चिमूट वाढला, माझ्यासुद्धा. तेव्हापासून आमच्या घरात तांडेलाचा वाटा तसाच मोडून वाटतात. सासूच्या ताटात मात्र नखाएवढा, तोही तांडेल मोजून मापून ठेवायचे. पुढं श्रीवर्धनला गेली तेव्हा बुवांना तिनं सगळं सांगितलं, तर बुवा म्हणाले, "नीराबाई, आता मला मासळीची नावं सांगा, पथ्यात घालायला हवीत." ती सांगत बसली, ते ऐकत बसले. बुवांच्या बायकोनं म्हणे आतून दार लावून घेतलं.

पण मला सांगायचं होतं ते वाटा दिला त्याच्या दुसऱ्या सकाळचं. मी उठून पाटा धुवायला गेले तर पाट्याशी तांडेल बसलेले. आदल्या संध्याकाळी वाड्यांवर जाऊन टोपलीभर पाला आणून ठेवला होता. चूल कशी पेटते हे ज्या माणसाला ठाऊक नव्हतं, तो वरवंटा असा ओढत होता जसं भरलेलं जाळं होडीत घेतोय. अर्धा पाला अंगणात उडालेला, दाढी हिरवी झालेली. मी मदतीला पुढं झाले तर म्हणाले, "सर बाजूला. डाक्टरनं दोर ओढू नको सांगितलंय, वरवंटा न्हाय."

दोन पेले भरले. दोन्ही उजेडाकडं धरून रंग पारखला, पाण्याचा रंग पारखायचे तसाच. मग सासूला ओट्यावर बोलावलं. आता ते दर्याकडं तोंड करून बसायचे.

"आधी तू," म्हणाले.

"मी पेले असते की माझ्या हातानं," ती कुरकुरली. पण प्याली.

"आता जीभ दाखव."

"आगं बाई! या वयात? केसर बघते."

"बघू दे. धुवण पेलीस का रस, ते मला कसं कळणार? दाखव!"

सासूनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तांडेलांकडं, आणि मग अख्ख्या कोळीवाड्यासमोर नवऱ्याला जीभ काढून दाखवली. हिरवीगार होती. तांडेल म्हणाले, "हां," आणि मग आपला पेला उचलला.